हॉर्नेट, ग्रासहॉपर आणि मुरमाचा ट्रॅक

वाचकांचे प्रश्न : जुन्या आरसी (रेडिओ कंट्रोल, म्हणजे रिमोटच्या) बग्ग्यांच्या शर्यती क्लबात कशा भरवाव्यात

दुबई-मस्कतहून मामाने किंवा काकाने आणलेली रिमोटची बग्गी अनेक घरांत माळ्यावर पडून असते. अशा गाड्या खाली काढून पुन्हा पळवणारे गट आता उभे राहत आहेत, आणि त्यांचे प्रश्नही नेमके असतात. निवडक प्रश्नांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : आमच्या गटात १४ जण आहेत. बहुतेकांकडे टामिया कंपनीची हॉर्नेट किंवा ग्रासहॉपर आहे, दोघांकडे हॉटशॉट, एकाकडे असोसिएटेडची आरसी१०. तिघांनी हल्ली नव्याने निघालेली जुन्या मॉडेलची किट घेतली आहेत. सगळ्या एकत्र पळवल्या तर चालेल का? मुळात ‘जुनी गाडी’ कशाला म्हणायचं यावरूनच आमचा वाद चालू आहे.
– एक वाचक, पुणे

उत्तर : एकत्र पळवू नका. वर्ग पाडताना साल बघायचंच, पण त्याआधी गाडीची बांधणी बघा. टामियाची पहिली आरसी गाडी म्हणजे १९७६ची पोर्शे ९३४, ती सपाट रस्त्यावरची. टामियाच्या मातीतल्या बग्ग्या १९७९च्या सँड स्कॉर्चर आणि रफ रायडरपासून सुरू झाल्या. १९८४ साली हॉर्नेट आणि ग्रासहॉपर आल्या, आणि त्याच वर्षी अमेरिकेत आरसी१० आली. साल तेच असलं तरी बांधणीत जमीनअस्मानाचा फरक आहे. हॉर्नेटचा मागचा धुरा गिअरबॉक्ससकट अख्खा हलतो, त्यामुळे एक चाक उंचवट्यावर चढलं की दुसरंही कलतं आणि गाडी बेडकासारखी उड्या मारते. आरसी१०ची चारही चाकं स्वतंत्रपणे वरखाली होतात आणि प्रत्येकाला तेलाचा शॉक अ‍ॅब्झॉर्बर आहे. ती शर्यतीसाठीच घडवलेली गाडी होती. १९८५ साली कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे एक-दशांश आकाराच्या ऑफरोड गाड्यांचं पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, तेव्हा टू-व्हील (मोटर दोनच चाकं फिरवते त्या) गटात तीच जिंकली. तिच्यासमोर हॉर्नेट लावणं हॉर्नेटवाल्यावर अन्याय आहे.

आमच्या मते तीन वर्ग करा. पहिला साधा वर्ग : हॉर्नेट, ग्रासहॉपर आणि त्याच धाटणीच्या गाड्या, सर्वांना एकच मोटर. दुसरा टू-व्हील वर्ग : फ्रॉग, स्कॉर्पियन, अल्टिमा, आरसी१० वगैरे. तिसरा फोर-व्हील वर्ग : हॉटशॉट, बूमरँग, ऑप्टिमा. एखाद्या वर्गात तीनच गाड्या असतील तर त्या दुसऱ्या वर्गाबरोबर एकाच हीटमध्ये (एका वेळी पळणाऱ्या तुकडीत) सोडा आणि निकाल वेगळा लावा. एकट्या आरसी१०वाल्याला यासाठीच कुणी फ्रॉग किंवा स्कॉर्पियनवाला जोडीदार शोधून द्या.

सालाची मर्यादा ३१ डिसेंबर १९८९ ठेवा, आणि ती मॉडेल प्रथम बाजारात आल्याच्या सालाला लावा. कारखान्यातून गाडी कधी निघाली हे बघू नका. हॉर्नेट २००४ मध्ये पुन्हा निघाली, हॉटशॉट २००७ मध्ये, सँड स्कॉर्चर २०१० मध्ये, आरसी१० २०१३ मध्ये, क्योशो कंपनीची स्कॉर्पियन २०१४ मध्ये आणि ऑप्टिमा २०१६ मध्ये. या गाड्या वगळल्या तर तुमच्यातले तिघे घरी बसतील. त्यांचं प्लास्टिक ताजं असतं आणि भाग बाजारात मिळतात, म्हणजे शर्यत त्यांच्याच जिवावर चालते. चासी, सस्पेन्शनचे हात आणि गिअरबॉक्सचं कवच त्याच मॉडेलचं हवं, यावर मात्र ठाम राहा. बेअरिंग, स्क्रू, सर्वो (रिमोटच्या हुकमावर भाग हलवणारी छोटी मोटर), रेडिओ आणि ब्रश मोटरचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर यांना मोकळीक द्या.

आजच्या शर्यतीच्या गाड्यांचे टायर मात्र बंद. त्यांची पकड इतकी जबर असते की वळणावर गाडी घसरायची ती थांबते आणि सगळा ताण चाळीस वर्षांच्या प्लास्टिकवर येतो. टायर घसरला तर एक सेकंद जातो, सस्पेन्शनचा हात तुटला तर हंगाम जातो.

एखाद्या गाडीच्या सालावर वाद झाला, तर पुरावा मालकाने आणायचा : मूळ माहितीपुस्तिका किंवा त्या काळच्या मासिकातली जाहिरात.

प्रश्न : गावाबाहेर मोकळं मैदान मिळालं आहे. अर्धी जमीन काळी, अर्धी मुरमाड. ट्रॅक किती मोठा हवा, उड्या किती उंच ठेवायच्या, कडेला काय लावायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : काळी माती सोडून द्या. सुकली की भेगा पडतात, ओली झाली की चाकांना पेंड बांधते. मुरमाचा भाग घ्या, पण मुरूम आहे तसा वापरू नका. त्यातला हरभऱ्याएवढा खडा पिनियन (मोटरवरचा छोटा गिअर) आणि त्याला जुळणारा मोठा स्पर गिअर यांच्या मध्ये शिरला की स्परचे दात क्षणात सोलून निघतात, आणि हा या खेळातला सर्वांत नेहमीचा बिघाड आहे. मुरूम ५ मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, ५ सेंटिमीटरचा थर पसरा, पाणी मारा आणि क्रिकेटच्या खेळपट्टीवर फिरवतात तो रोलर फिरवा. एका दिवसात भागणार नाही. पाणी, रोलर, एक रात्र वाळवणं, असं तीनदा केलं की पृष्ठभाग बसतो.

३० मीटर बाय १८ मीटर जागा पुरते. मार्गिका ३ मीटर रुंद ठेवा. दोन शेजारच्या मार्गिकांमध्ये मार्शलला (उलटलेल्या गाड्या सरळ करणाऱ्याला) उभं राहता येईल एवढी मोकळी पट्टी सोडली तरी साधारण ९० मीटरचा फेरा बसतो. साध्या वर्गाची गाडी तो २० ते २२ सेकंदांत पूर्ण करते, म्हणजे ५ मिनिटांत १३ ते १५ फेरे. याहून लांब ट्रॅक केला तर पलीकडच्या टोकाची गाडी चालकाला नीट दिसत नाही. सरळ पट्टा २० मीटरहून मोठा नको. जुन्या गाडीची गंमत वळणात आहे.

उडीची उंची ३० सेंटिमीटर, त्याहून एक बोटही जास्त नको. चढ २ मीटर लांबीचा करा, वर दीड मीटरचं सपाट टेबल आणि मग तसाच उतार. चढ आखूड केला की नाक वर जाऊन गाडी पाठीवर पडते. टेबल गाळून नुसता खड्डा सोडला, तर कमी वेगाने आलेली गाडी थेट समोरच्या भिंतीवर नाकाने आपटते आणि सस्पेन्शनचा पुढचा हात जातो. आजच्या गाड्यांसाठी केलेल्या ट्रॅकवर जुन्या गाड्या का मोडतात याचं उत्तर याच दोन मापांत आहे. दोन उड्या पुरे. बाकीच्या ट्रॅकला लाटांसारखे ५-६ सेंटिमीटरचे उंचवटे द्या. हॉर्नेट त्यावरून जाते ते दृश्य बघण्यासारखं असतं.

कडेला ठिबकची १६ मिलिमीटरची नळी लावू नका, गाडी तिच्यावर सहज चढते आणि उलटते. ९० ते १०० मिलिमीटर व्यासाचा नालीदार लवचिक पाइप घ्या आणि दर मीटरला लोखंडी खुंटीने जमिनीला पक्का करा. खुंटीचं डोकं पाइपच्या आतल्या बाजूला, मातीत गाडलेलं हवं. बाहेर राहिलं तर ते टायर फाडतं.

चालकांचा मंच १ मीटर उंच आणि साडेचार मीटर लांब करा, म्हणजे सहा जण प्रत्येकी ७५ सेंटिमीटर जागा घेऊन उभे राहतील. सकाळच्या शर्यती असतील तर मंच पूर्वेच्या अंगाला घ्या, सूर्य पाठीशी राहील. प्रेक्षकांच्या बाजूला मार्गिकेपासून ३ मीटर सोडून ६० सेंटिमीटर उंच शेडनेट ताणा. दीड किलोची गाडी ताशी ३० किलोमीटरने नडगीवर बसली तर हाड दुखावतं.

पाणी आदल्या संध्याकाळी एकदा आणि शर्यतीआधी तासभर एकदा मारा. चौरस मीटरला २ लिटरच्या हिशोबाने एका वेळी साधारण ५४० लिटर लागतं. हीटच्या मध्ये घाईने पाणी मारू नका. वरचा थर लोण्यासारखा होतो आणि पुढच्या हीटवाल्यांचं नुकसान होतं.

प्रश्न : आमच्याकडे साधा वर्ग चालू केला, पण दुसऱ्याच महिन्यात एक जण लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी घेऊन आला आणि सगळ्यांना मागे टाकलं. आता प्रत्येकाला लिपो हवी आहे. दुसरा एक जण मोटर ‘बदललेली नाही’ म्हणतो, पण ती स्पष्ट वेगळी पळते. काय नियम करावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही दुखणी एकाच उपायाने बरी होतात : मोटर आणि बॅटरी क्लबने ठरवायची.

साध्या वर्गाला ५४० आकाराची, तारेच्या २७ वेढ्यांची बंद रुपेरी मोटर ठेवा. हिचं मागचं झाकण पत्र्याने दाबून बसवलेलं असतं, ते उघडून ब्रश बदलता येत नाहीत, आणि म्हणूनच ती या वर्गाला योग्य. ग्रासहॉपरला पूर्वी छोटी ३८० मोटर येत असे. तिलाही ५४० बसवायची मुभा द्या, नाहीतर तिचा मालक कायम शेवटी. सहा गाड्या असतील तर एकाच खेपेतल्या १० मोटरी क्लबने विकत घ्याव्यात. प्रत्येक मोटर ७.२ व्होल्टच्या स्थिर पुरवठ्यावर विनाभार चालवून ती मिनिटाला किती वेळा फिरते ते मोजा. बाकीच्यांपेक्षा ५ टक्क्यांहून अधिक वेगळी असेल ती बाजूला ठेवा. उरलेल्यांवर नेलपॉलिशने क्रमांक टाका, शर्यतीच्या सकाळी चिठ्ठ्या काढून वाटा आणि संध्याकाळी परत घ्या. कुणाची मोटर जलद, हा वाद तिथेच मिटतो. प्रत्येक मोटरला ०.१ मायक्रोफॅरॅडचे तीन कपॅसिटर आहेत का ते बघा : दोन्ही टोकांपासून कवचाला एकेक आणि टोकांच्या मध्ये एक. ते तुटले की ठिणग्यांचा गोंगाट रेडिओत शिरतो आणि गाडी झटके देते.

बॅटरीचं म्हणाल तर साध्या वर्गात सर्वांना सहा सेलची ७.२ व्होल्टची निकेल मेटल हायड्राइड. भरून काढलेला हा पॅकही साडेआठ व्होल्टच्या आसपास दाखवतो, पण भार आला की झटकन खाली येतो. दोन सेलची लिपो ८.४ व्होल्टला भरते आणि भाराखालीही तग धरते, त्यामुळे तीच मोटर तिच्यावर जोरात फिरते. तुमच्या मित्राने फसवलेलं नाही, नियमातच फट होती. ऐंशीच्या दशकात १२०० मिलिअँपिअर-तासांचे पॅक असत आणि ५ मिनिटांच्या शर्यतीला ते सरासरी १४ अँपिअरपर्यंत पुरत. आजचा ३०००चा पॅक ती हीट आरामात काढतो.

टू-व्हील आणि फोर-व्हील वर्गात लिपो देता येईल, पण तीन अटींवर. कवच कडक असावं. जुन्या स्पीड कंट्रोलरला कमी व्होल्टेजची मर्यादा कळत नाही, म्हणून सेल ३.२ व्होल्टच्या खाली जाताच ओरडणारा छोटा अलार्म जोडलेला असावा. आणि चार्जिंग कुणीतरी समोर बसूनच व्हावं, फरशीवर, आगरोधक पिशवीत, शेजारी वाळूची बादली ठेवून. एप्रिल-मे महिन्यांत बंद मोटारीत लिपो ठेवणं हा सरळ धोका आहे. बॅटरीचा आकारही आधी तपासा. त्या काळच्या बऱ्याच बग्ग्यांत बॅटरीची जागा गोल सेलच्या आकाराची आहे, चौकोनी लिपो तिथे बसत नाही, आणि चासी कापायला आम्ही कुणालाही सांगणार नाही.

प्रश्न : शर्यतीत मध्येच गाडी आपोआप सुसाट सुटते. दोघांकडे जुनेच २७ मेगाहर्ट्झचे रिमोट आहेत. दोष रेडिओचा की गाडीचा?
– एक वाचक, पणजी

उत्तर : आधी क्रिस्टल (रेडिओची लहर ठरवणारा सुटा भाग) बघा. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा रंग असतात : तपकिरी २६.९९५, लाल २७.०४५, नारिंगी २७.०९५, पिवळा २७.१४५, हिरवा २७.१९५ आणि निळा २७.२५५. एकाच रंगाचे दोन रिमोट चालू झाले की दोन्ही गाड्या बेलगाम होतात. म्हणून जुने रिमोट असलेल्या हीटमध्ये सहापेक्षा जास्त गाड्या नकोत. एका फळीवर सहा रंगांच्या सहा कपड्यांच्या चिमट्या लावा. ज्याच्या हातात चिमटी त्यानेच रिमोट चालू करायचा आणि हीट संपली की चिमटी परत टांगायची. पिट्समध्ये (गाड्या दुरुस्त करायच्या जागेत) बसून ‘जरा तपासतो’ म्हणत रिमोट चालू करणारा माणूस दुसऱ्याची गाडी भिंतीवर घालतो, त्यामुळे याला शिक्षा ठेवाच : त्याचा त्या फेरीचा निकाल रद्द.

रिमोटचं आणि रिसीव्हरचं क्रिस्टल एकाच रंगाचं असलं तरी वेगळं असतं, त्यांच्यात ४५५ किलोहर्ट्झचा फरक असतो. अदलाबदल झाली तर गाडी हलतच नाही. रिमोटचा अँटेना पूर्ण ओढलेला हवा, रिसीव्हरची तार कापू नका, गुंडाळूही नका.

क्रिस्टल बरोबर असूनही गाडी सुटत असेल, तर तीन जागा बघा. रिसीव्हरला वेगळ्या चार पेन्सिल सेलवर वीज मिळत असेल आणि ते उतरले असतील, तर सर्वो आहे त्या जागी थिजतो. थ्रॉटल (वेगाचा नियंत्रक) उघडा असताना थिजला की गाडी थांबतच नाही. दुसरं, यांत्रिक स्पीड कंट्रोलरचे तांब्याचे संपर्क जळून चिकटतात. तिसरं, मोटरचे कपॅसिटर, ज्याबद्दल नाशिकच्या वाचकांना वर लिहिलं आहे. साध्या २.४ गिगाहर्ट्झच्या संचाने क्रिस्टलची डोकेदुखी जाते आणि सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद करण्याची सोयही बऱ्याच संचांत असते. क्लबने तोच सुचवावा असं आमचं मत आहे. जुना रिमोट प्रदर्शनाच्या टेबलावर शोभतो.

प्रश्न : माळ्यावर १९८० च्या दशकातली हॉर्नेट सापडली, सगळे भाग जागेवर आहेत. पुढच्या महिन्यात क्लबची शर्यत आहे. बॅटरी लावून थेट पळवली तर?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : थेट बॅटरी लावू नका. संध्याकाळ मोकळी काढा, टेबलावर पांढरं फडकं अंथरा आणि गाडी उलगडा.

सुरुवात स्क्रू-ड्रायव्हरपासून. जपानी गाड्यांच्या स्क्रूचं फुलीचं खाचण जपानी मापाचं असतं. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला साधा फुलीचा ड्रायव्हर त्यात पूर्ण बसत नाही, घसरतो आणि स्क्रूचं डोकं गोल करून टाकतो. जेआयएस (जपानी मानक) मापाचा ड्रायव्हर घ्या. (आरसी१० असेल तर तिथे इंची अ‍ॅलन की लागतात, मिलिमीटरच्या चालत नाहीत.)

जुनं वंगण मेणासारखं पिवळं, घट्ट झालेलं असेल. गिअरबॉक्स उघडून ते पेट्रोलने नाही तर रॉकेलने किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा आणि नवं ग्रीस अगदी पातळ लावा. जास्त ग्रीस धूळ धरतं. मोटरचा पिनियन मऊ अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर बोटाने दात चाचपा. झिजलेला दात करवतीसारखा टोकदार लागतो, आणि गिअरमध्ये राखाडी लेप दिसला तर ती त्याचीच भुकटी. पोलादी पिनियन बसवा. बसवताना दोन गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून मोटर दाबा, स्क्रू आवळा, पट्टी फिरवून बाहेर काढा. पट्टीवर दातांच्या घड्या उमटाव्यात, ती फाटू नये.

प्लास्टिकच्या बुशिंगच्या जागी बॉल बेअरिंग टाकली तर गाडी हलकी फिरते आणि धुराही वाचतो. टामियाच्या बऱ्याच गाड्यांना ११ बाय ५ बाय ४ मिलिमीटर मापाची बेअरिंग लागतात. हे माप ठोक बेअरिंगवाल्यांकडे मिळतं.

नायलॉनचे भाग वर्षानुवर्षं कोरडे राहून ठिसूळ होतात, कारण नायलॉनमधला ओलावा निघून जातो. स्टीलच्या भांड्यात २०-३० मिनिटं मंद उकळा आणि त्याच पाण्यात गार होऊ द्या. लवचिकपणा बऱ्यापैकी परत येतो. नायलॉन हाताला मेणचट लागतं आणि जरा वाकतं. कडक, चकचकीत एबीएसचे भाग मात्र उकळायचे नाहीत, ते वाकडे होतात.

बॉडीला चीर असेल तर तिच्या टोकाला दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा, चीर तिथेच थांबते. मग आतून जिप्सम बोर्डाच्या सांध्यावर रंगारी लावतात ती फायबरची जाळीदार पट्टी ठेवा आणि वरून बुटांचा रबरी गोंद चोपडा. फेवीक्विकसारखा पटकन कडक होणारा गोंद वापरलात तर पुढच्या टकरीत त्याच ओळीवर बॉडी फाटेल.

यांत्रिक स्पीड कंट्रोलर चालवायचा असेल तर संपर्क बारीक पॉलिशपेपरने साफ करा. त्याचा चिनी मातीचा रेझिस्टर धीम्या वेगात इतका तापतो की शेजारची तार वितळते, म्हणून तारा त्याच्यापासून एक बोट दूर बांधा. बॉडीलाही तो टेकता कामा नये. टायर दाबून बघा. रबर दगडासारखं झालं असेल आणि बाजूला बारीक भेगा असतील तर ते पळवायचे नाहीत, जपून ठेवायचे. टायरचे नवे संच मिळतात.

पहिली चाचणी चाकं हवेत ठेवून अर्धा मिनिट. मग मैदानात २ मिनिटं, थांबा, मोटरला बोट लावा. तीन सेकंद बोट ठेवता आलं पाहिजे.

प्रश्न : २४ गाड्यांची शर्यत एका सकाळी कशी बसवायची? आमची पहिली शर्यत दुपारी तीनपर्यंत लांबली आणि अर्धे लोक निघून गेले. मार्शल कुणी व्हायचं यावरही ओढाताण झाली.
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कागदावर हिशोब मांडा, म्हणजे वेळ कुठे गळतो ते दिसेल. सहा गाड्यांची एक हीट, चार हीट. प्रत्येकीला ५ मिनिटं शर्यत आणि ३ मिनिटं अदलाबदल, म्हणजे ८ मिनिटं. एक फेरी ३२ मिनिटांची. तीन फेऱ्या आणि मध्ये १०-१० मिनिटांच्या दोन विश्रांती मिळून १ तास ५६ मिनिटं. ९ वाजून १० मिनिटांनी सुरू केलं तर ११ वाजून ६ मिनिटांनी पात्रता संपते. साडेअकराला फायनल सुरू करा, आधी ड गट (पात्रतेत सर्वांत मागे राहिलेले), शेवटी अ गट (सर्वांत पुढचे), प्रत्येकी १० मिनिटं. बारा वाजून दहा मिनिटांनी ट्रॅक मोकळा. नोंदणी आणि तपासणी साडेसातला, सराव सव्वाआठला, नऊला सूचना.

वेळ गळतो तो त्या ३ मिनिटांत. पुढच्या हीटचे चालक मंचाच्या पायथ्याशी गाडी घेऊन उभे नसतील तर थांबायचं नाही, शिट्टी वाजवायची. पहिल्या फेरीत दोन जण चुकतील, दुसऱ्या फेरीपासून कुणी चुकणार नाही.

पात्रतेसाठी तीन फेऱ्यांतली सर्वांत चांगली एक धरा. तिन्हींची बेरीज केली तर एका फेरीत स्क्रू पडलेली जुनी गाडी दिवसभर मागे राहते.

फेरे हाताने मोजत असाल तर एका गाडीला एक मोजणारा आणि त्याच्या हातात मोबाइलचं लॅप-स्टॉपवॉच. ५ मिनिटांची शिट्टी झाल्यावर चालू असलेला फेरा पूर्ण करू द्या आणि निकाल ‘१४ फेरे, ५ मिनिटं ८ सेकंद’ असा लिहा. गाडीचा क्रमांक दोन्ही बाजूंना आणि वर, किमान ५ सेंटिमीटर उंचीचा. पाठीवर पडलेली गाडी ओळखता आली पाहिजे. खात्यात पैसे जमले की ट्रान्सपाँडरची (गाडीतल्या छोट्या यंत्रावरून फेरे आपोआप मोजणारी) यंत्रणा घ्या, पण तिच्यासाठी शर्यत अडवून ठेवू नका.

मार्शलचा नियम जगभरच्या बहुतेक क्लबांत एकच आहे : जी हीट आत्ता पळाली तिचे चालक पुढच्या हीटचे मार्शल, आणि शेवटच्या हीटचे चालक पहिल्या हीटचे. जो उभा राहणार नाही त्याची सर्वोत्तम फेरी रद्द. चपला चालणार नाहीत, बूट हवेत. गाडी येत असताना मार्गिका ओलांडायची नाही, आधी मागे बघायचं. उलटलेली गाडी पंख किंवा अँटेना धरून उचलू नका. चासीखाली हात घाला, बोटं गिअरपासून लांब ठेवा, गाडी ट्रॅकच्या दिशेने तोंड करून सोडा. जुन्या गाड्यांचे पंख टकरीत कमी आणि मार्शलच्या हातून जास्त तुटतात.

चार्जिंगसाठी वीज आधीच ठरवा. १२ चार्जर एकाच वेळी चालले तर जवळपास १ किलोवॉट लागतो. घरातून ओढलेली बारीक वायर तापेल. जाड एक्स्टेंशन घ्या आणि बोर्डावर गळती ओळखणारा ब्रेकर असू द्या, कारण जमिनीवर पाणी मारलेलं असतं.

प्रश्न : इथे हिवाळ्यात मैदानं चिखलाची होतात, म्हणून आम्ही शाळेचा क्रीडा हॉल भाड्याने घेणार आहोत. मातीतल्या जुन्या बग्ग्या आत चालतील का?
– एक वाचक, लेस्टर, इंग्लंड

उत्तर : चालतील. लाकडी फरशीवर थेट पळवू नका, शाळाही परवानगी देणार नाही. गालिच्याच्या पट्ट्या अंथरा, सांधे खालून चिकटपट्टीने जोडा. काटेरी टायर गालिच्यावर एका संध्याकाळीत झिजतात आणि पकडही जास्त देतात. आखूड, मऊ दाण्यांचे टायर ठेवा आणि उडी एकच, १५ सेंटिमीटरची, फळीची. कडेला अग्निशमन दलाचे बाद झालेले कापडी पाइप उत्तम, गाडी आपटली तरी मऊ लागतात आणि गुंडाळून नेता येतात. विम्याचं पहिल्याच दिवशी बघा. ब्रिटिश रेडिओ कार असोसिएशनच्या सदस्यत्वात तृतीय पक्षाचा विमा येतो, आणि हॉलवाले तो कागद मागतातच.

सुट्टीत भारतात येताना गाडी आणणार असाल, तर सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानात ठेवा, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इनच्या बॅगेत त्या चालत नाहीत. ७.४ व्होल्टची ४००० मिलिअँपिअर-तासांची लिपो सुमारे ३० वॉट-तासांची असते, म्हणजे १०० वॉट-तासांच्या मर्यादेत सहज बसते.

प्रश्न : माझ्याकडे मूळ खोक्यासकट, कधीच न पळवलेली सँड स्कॉर्चर आहे. क्लबवाले पळव म्हणतात.
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : पळवू नका. तिच्या बॉडीचं मूळ प्लास्टिक आणि स्टिकर पुन्हा मिळणार नाहीत, आणि पहिल्याच टकरीत ओरखडा कायमचा राहील. शर्यतीच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाशेजारी तिला काचेच्या झाकणाखाली ठेवा, सावलीत, उन्हात नको. पळवण्यासाठी २०१० नंतरची घ्या. दोन्ही गाड्या शेजारी ठेवल्या तर मुलांना फरक दाखवता येतो. नवी गाडी मात्र चिखलाने माखलेली असू द्या.